पहिले लिनक्स, जुन्या डीव्हीडी आणि कायदा

वाचकाचे पत्र

मी निवृत्त माध्यमिक शिक्षक असून इंदिरानगरात राहतो. २०१४ साली घेतलेला माझा लॅपटॉप (इंटेल आय-थ्री, चौथी पिढी, चार जीबी रॅम, आत डीव्हीडी ड्राइव्ह) अजून व्यवस्थित चालतो. परंतु विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-अद्यतने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली आणि विंडोज ११ या लॅपटॉपवर बसत नाही, म्हणून जावयांनी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली) घालण्यास सुचविले आहे. माझ्याकडे मराठी नाटकांच्या आणि गायनाच्या मैफलींच्या विकत घेतलेल्या बऱ्याच व्हीसीडी व डीव्हीडी आहेत. महात्मा गांधी रोडवरील एका दुरुस्तीवाल्याने मात्र सांगितले, की लिनक्सवर डीव्हीडी आणि एमपीथ्री लावणे बेकायदेशीर आहे, म्हणूनच ती सोय त्यात दिलेली नसते. त्यापेक्षा तो विंडोज ११ कसेही करून बसवील आणि ‘की’ची (परवाना-क्रमांकाची) सोयही स्वतःच करील. त्याचे म्हणणे खरे आहे काय? कोणते लिनक्स घ्यावे? डिस्क खराब होण्यापूर्वी त्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवता येतील काय? आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्या दाखविता येतील काय?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

स. न. वि. वि.

दुरुस्तीवाल्याच्या विधानापासून सुरुवात करतो, कारण कोणते लिनक्स घ्यावे याचे उत्तरही काही अंशी त्यावर अवलंबून आहे. लिनक्सच्या अनेक डिस्ट्रोंमध्ये (वेगवेगळ्या संस्थांनी तयार केलेल्या प्रकारांमध्ये) गाणी आणि चित्रफिती उलगडून दाखविणारे काही प्रोग्रॅम, म्हणजे कोडेक, सुरुवातीला दिलेले नसतात, एवढे त्याचे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. कोडेक कोणी वाटावा यासंबंधीचा कायदा वेगळा आणि विकत घेतलेली डिस्क घरी कोणी कशी पाहावी यासंबंधीचा वेगळा. त्याने या दोहोंची गल्लत केली आहे.

ध्वनी आणि चित्र साठविण्याच्या बहुतेक प्रचलित पद्धतींवर कोणाचे ना कोणाचे पेटंट असते किंवा पूर्वी होते. एमपीथ्रीची पेटंटे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था आणि तिचे भागीदार यांच्याकडे होती, आणि एमपीथ्री वाजविणारे उपकरण किंवा प्रोग्रॅम बाजारात आणणाऱ्याने त्यांना परवानाशुल्क द्यावे अशी अपेक्षा असे. लिनक्स मोफत वाटले जाते, एका प्रतीवरून कोणीही दहा प्रती काढू शकतो, आणि एकूण किती प्रती झाल्या याचा हिशेब कोणाकडेच नसतो. अशा स्थितीत प्रतीमागे शुल्क कोणी भरायचे, याला समाधानकारक उत्तर नव्हते. ज्या डिस्ट्रोमागे अमेरिकेतील कंपनी उभी होती तिला खटल्याची धास्ती अधिक असणे स्वाभाविक होते, आणि म्हणून रेड हॅट या कंपनीच्या पाठबळावर चालणाऱ्या फेडोरा या डिस्ट्रोने एमपीथ्री अनेक वर्षे बाहेर ठेवले. लिनक्स मिंट या दुसऱ्या डिस्ट्रोने वेगळा मार्ग धरला. २०१६ पर्यंत त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत कोडेक घातलेलेच असत. अमेरिका, जपान यांसारख्या देशांतील मासिके आणि विक्रेते यांच्यासाठी मात्र कोडेक वगळलेली निराळी प्रत काढली जाई. मिंट तेच, कोडेक तेच, आणि तरीही दोन प्रती काढाव्या लागत होत्या, यावरून हे बंधन वाटणाऱ्यासाठी आणि त्याच्या देशातील कायद्यासाठी होते, नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी नव्हते, हे स्पष्ट होते. पुढे दोन प्रती काढण्याचा खटाटोप नको म्हणून मिंटनेही कोडेक बाहेर काढले आणि ते मागून बसविण्याची सोय ठेवली.

दुरुस्तीवाल्याची माहिती शिळी आहे, हेही सांगितले पाहिजे. एमपीथ्रीचा परवाना-कार्यक्रम पेटंटधारकांनीच २३ एप्रिल २०१७ रोजी बंद केला. डीव्हीडीवरील चित्र ज्या एमपेग-२ पद्धतीने साठविलेले असते, तिच्यावरील अमेरिकी पेटंटांची मुदत फेब्रुवारी २०१८ मध्ये संपली, आणि व्हीसीडीची एमपेग-१ पद्धत त्याहूनही जुनी आहे. आपल्या संग्रहापुरता पेटंटचा प्रश्न अशा रीतीने निकालात निघालेला आहे. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ ज्या एच-२६४ आणि एच-२६५ या पद्धतींनी साठविले जातात, त्यांच्याभोवती तो अजून शिल्लक आहे. फेडोराने २०२२ मध्ये या दोन पद्धती ग्राफिक्स चिपच्या मदतीने उलगडण्याची सोय आपल्या प्रतीतून काढून टाकली ती त्यामुळेच, आणि सिस्को कंपनीने शुल्क स्वतः भरून एच-२६४ चा एक कोडेक मोफत उपलब्ध करून दिला तोही त्यामुळेच.

भारतातील पेटंट कायद्याचेही सांगितले पाहिजे. १९७० च्या पेटंट अधिनियमातील तिसऱ्या कलमानुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. येथे कोडेकवर पेटंट असूच शकत नाही, असा याचा अर्थ काढू नये. तांत्रिक परिणाम दाखवून अशी पेटंटे भारतातही मिळविली जातात. डीव्हीडी उलगडण्याच्या तंत्रावरील पेटंटवरून फिलिप्सने दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फिलिप्सच्या बाजूने निकाल दिला होता. तथापि, तो दावा डीव्हीडी प्लेयर तयार करून विकणाऱ्यांवर होता, प्लेयर घरी नेऊन नाटक पाहणाऱ्यांवर नव्हता.

डीव्हीडीच्या बाबतीत पेटंटहून वेगळा आणि अधिक नाजूक असा दुसरा मुद्दा आहे. अनेक व्यावसायिक डीव्हीडींवरील मजकूर सीएसएस नावाच्या पद्धतीने कुलूपबंद केलेला असतो, आणि ते उघडण्याची किल्ली परवाना घेतलेल्या प्लेयर-कंपन्यांनाच दिली जाते. १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला. नॉर्वेतील योन लेक योहान्सेन या तरुणावर त्याबद्दल खटला भरला गेला. परंतु स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी पाहण्याचा त्याला अधिकार आहे, असे मानून ऑस्लोच्या न्यायालयाने २००३ च्या जानेवारीत त्याला निर्दोष सोडले आणि त्याच वर्षाअखेरीस अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असे कुलूप उघडणे आणि उघडण्याचे साधन वाटणे या दोहोंवर बंदी आहे. लिनक्सवर डीव्हीडी लावणे म्हणजे गुन्हा, ही समजूत मूळची तिकडची असून ती येथे जशीच्या तशी आली आहे.

आपल्याकडे स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ घालण्यात आले. तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो, असे ते कलम सांगते. पण ते मोडण्यामागे कायद्याने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याचा हेतू असला पाहिजे, ही अट त्यात घातलेली आहे. शिवाय, या कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी तसे करण्यास आडकाठी नाही, असेही त्याच कलमात पुढे म्हटले आहे. कायदा करणाऱ्यांनी अमेरिकेची सरसकट बंदी समोर असताना हेतूची अट घातली, हे मला आपल्या कायद्यातील समंजसपणाचे लक्षण वाटते. रीतसर विकत घेतलेल्या डिस्कवरील नाटक आपल्या दिवाणखान्यात पाहण्यात हक्कभंगाचा हेतू कोठे आहे? मी वकील नाही आणि हे मत वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. तरी कलमाची भाषा पाहता आपण निश्चिंतपणे नाटक पाहावे, असे मी म्हणेन.

डिस्क उतरवून ठेवण्याबाबतही कायद्याची भूमिका प्रतिकूल नाही. खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला रास्त वापर हा हक्कभंग नव्हे, असे कलम ५२ मध्ये म्हटले आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही तरतूद संगणक प्रोग्रॅम वगळता कोणत्याही कृतीला, म्हणजे चित्रित नाटकालाही, लागू होते. स्वतःच्या डिस्कची एक प्रत स्वतःसाठी हार्डडिस्कवर ठेवणे या चौकटीत बसते असे मानण्यास आधार आहे. मात्र मूळ डिस्क विकून टाकायची आणि प्रत ठेवून घ्यायची, किंवा ती पेनड्राइव्हवर भरून मित्रांना वाटायची, हे ‘वैयक्तिक’ या शब्दात बसणार नाही. व्यापारासाठी किंवा वाटपासाठी केलेल्या प्रतींना कलम ६३ लागते आणि त्यातील शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. येथे एक गमतीची तरतूदही सांगतो. असे कुलूप उघडण्यास दुसऱ्याला जो मदत करील, त्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवावी, असे कलम ६५-अ म्हणते. तेव्हा हे काम जावई करून देणार असतील, तर कायद्याच्या अक्षरानुसार त्यांनी वहीत सासऱ्यांचे नाव आणि पत्ता लिहून ठेवणे योग्य ठरेल.

ज्येष्ठ नागरिक संघातील प्रयोगाला मात्र मी ‘हो’ म्हणू शकत नाही. सभागृहात जमलेल्या सभासदांसमोर डीव्हीडी दाखविणे हा खाजगी उपयोग राहत नाही. प्रवेश विनामूल्य असला आणि प्रेक्षक पंचवीसच असले, तरी त्यामुळे फरक पडत नाही. नफा न कमावणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकविण्यास कलम ५२ मध्ये सवलत आहे, त्यामुळे मैफलींच्या ऑडिओ सीडी संघात ऐकविता येतील. दृश्यासह नाटक दाखविण्यासाठी तशी सवलत नसल्याने डिस्कच्या वेष्टनावर ज्या निर्मात्याचे किंवा कंपनीचे नाव आहे, त्यांना संघाच्या अध्यक्षांनी पत्र लिहून परवानगी मागावी. विंडोजवर लावले काय किंवा लिनक्सवर लावले काय, याचे उत्तर बदलत नाही. आपल्या चार प्रश्नांतील खरी कायदेशीर अडचण हीच आहे आणि दुरुस्तीवाल्याच्या ती लक्षातही आली नाही.

त्याच्या स्वतःच्या प्रस्तावाबद्दल थोडक्यात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही अट टाळून ते बसविता येते, परंतु पुढील अद्यतनांची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. चोरीची ‘की’ घालून दिलेली प्रत जाणूनबुजून वापरणे मात्र कलम ६३-ब खाली गुन्हा आहे. त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे, आणि आर्थिक लाभासाठी वापर झाला नसल्यास न्यायालय कारावास टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. ज्याने आपल्याला कायद्याची भीती घातली, त्यानेच हे सुचवावे, याचे आश्चर्य वाटते.

आता निवडीकडे वळतो. आपल्यासाठी मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुचवितो. मिंटच्या सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या असतात. आतील गाभा एकच, पडद्यावरची मांडणी वेगळी. सिनॅमन सर्वांत देखणी आहे, पण चार जीबी रॅमवर ब्राउझरमध्ये पाच-सहा पाने उघडली की ती अडखळू लागते. एक्सएफसीई हलकी आहे आणि खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ ही तिची रचना विंडोज वापरणाऱ्याला परकी वाटत नाही. मिंट २२ ही मालिका उबंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या २४.०४ या दीर्घकालीन आवृत्तीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत, हे मला देखणेपणापेक्षा महत्त्वाचे वाटते. तिच्यातील टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची आधीची स्थिती जपून ठेवता येते, त्यामुळे एखादे अद्यतन बिघडले तरी मागे जाण्याचा मार्ग राहतो. लॅपटॉपवर थोडा खर्च करण्याची तयारी असेल, तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी आणि रॅम आठ जीबी करावी. नंतर सिनॅमनही सुखाने चालेल.

खुद्द उबंटू वाईट नाही, परंतु त्याचा नेहमीचा डेस्कटॉप या यंत्राला जड जाईल. फेडोरा मला व्यक्तिशः आवडते, तरी त्याची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, प्रत्येकीला साधारण तेरा महिनेच अद्यतने मिळतात आणि कोडेकसाठी आरपीएम फ्यूजन नावाचे बाहेरचे भांडार जोडावे लागते. नवशिक्याने हा व्याप का करावा? डेबियन अत्यंत भरवशाचे आहे, पण सुरुवातीची मांडणी त्यात स्वतः करावी लागते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी कोणालाही काली लिनक्स सुचवितात. ते सुरक्षा-चाचणीसाठी बनविलेले असून घरगुती वापरासाठी त्याचा विचारही करू नये.

मिंट बसविताना एका पडद्यावर मल्टिमीडिया कोडेक बसवायचे काय, असे विचारले जाते. तेथे खूण करावी; त्या वेळी इंटरनेट जोडलेले असावे. खूण राहून गेली, तर नंतर मेनूतील ध्वनी आणि चित्र या विभागातून तेच काम एका क्लिकने होते. सोबत व्हीएलसी प्लेयर घ्यावा. कुलूप नसलेल्या डीव्हीडी एवढ्यावरच सुरू होतील. एखादी कुलूपबंद निघाली आणि लागली नाही, तर लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज बसवावे लागेल, आणि त्यासाठी जावयांना एकदा टर्मिनल (आज्ञा टंकून देण्याची खिडकी) उघडावे लागेल. हे पॅकेज कुलूप उघडणारा प्रोग्रॅम स्वतःसोबत आणत नाही; फ्रान्समधील व्हिडिओलॅन या संस्थेकडून त्याचा मूळ सोर्स कोड उतरवून घेते आणि त्यापासून प्रोग्रॅम आपल्याच लॅपटॉपवर तयार करते. वर सांगितलेली वाटपाची अडचण टाळण्याचा हा मार्ग आहे. व्हीएलसीही याच संस्थेचे. त्यावर भारतात बंदी आल्याचे आपण ऐकले असेल; २०२२ मध्ये येथून अडविले गेले होते ते संस्थेचे संकेतस्थळ, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडू लागले.

व्हीसीडीच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. विंडोजमध्ये डिस्क उघडली की आतील फाइल दिसते, तशी ती लिनक्समध्ये दिसेलच असे नाही, आणि डिस्क खराब झाली असा समज होतो. फाइल शोधत न बसता व्हीएलसीच्या मेनूतून ‘ओपन डिस्क’ उघडावे आणि तेथे व्हीसीडी हा पर्याय निवडावा. व्हीसीडीला सीएसएसचे कुलूप नसतेच.

यूट्यूबसाठी वेगळे काही करावे लागत नाही. पैसे भरून पाहावयाच्या सेवांचे कुलूप वेगळे असते; गूगलचा वाइडवाइन हा भाग ते उघडतो आणि तो सेवा देणाऱ्यांच्या संमतीनेच चालतो, म्हणून तेथे कायद्याचा प्रश्न येत नाही. फायरफॉक्स पहिल्या वेळी त्यासाठी परवानगी मागते, ती द्यावी. क्रोममध्ये तो आधीच असतो. लिनक्सवर वाइडवाइन खालच्या सुरक्षा-पातळीवर चालत असल्यामुळे काही सेवा चित्राची स्पष्टता कमी ठेवतात. आपल्या लॅपटॉपच्या लहान पडद्यावर त्याचा फारसा त्रास होऊ नये.

मराठी टंकलेखनासाठी युनिकोड फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक दोन्ही उपलब्ध आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका वगैरे श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर विंडोज पुसण्यापूर्वीच त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात किंवा पीडीएफ करून ठेवाव्यात.

बसविण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे; त्याने हार्डडिस्कवरील काहीही बदलत नाही. आवाज, छपाईयंत्र, डीव्हीडी ड्राइव्ह आणि वाय-फाय तपासावे. त्या काळातील काही लॅपटॉपांत ब्रॉडकॉमचे वाय-फाय कार्ड असते आणि ते ड्रायव्हरशिवाय सुरू होत नाही; तसे झाल्यास मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेथरिंग (मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) चालू करावे आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बसवून घ्यावा.